नदीकडची बाजू

मंगळवार, ११ फेब्रुवारी

खडी! मूठभर खडीने माझ्या भावाचा खांदा मोडला, खुबा मोडला, आणि रस्ते विभागाच्या फोनवरची बाई मला म्हणते, "लेखी द्या." आवाजात इतकी झोप, की वाटलं फोनमधून हात घालून तिला गदागदा हलवावं.

देणार लेखी. पण आधी इथे लिहून काढते. म्हणजे निदान तिकडच्या कागदावर शिव्या यायच्या नाहीत.

रविवार. खिंडीपासून नदीकाठाने खाली धरणापर्यंतचा रस्ता. शांत सायकल-रस्त्यांच्या आमच्या पुस्तिकेतला शेवटचा. पद्धत नेहमीचीच — दादा एका टोकाने, मी दुसऱ्या टोकाने, मध्ये कुठेतरी भेट, कॉफी, की पुन्हा आपापल्या दिशेने. भेटल्यावर रस्त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. संध्याकाळी दादाच्या स्वयंपाकघरात बसून मग काय ते भांडायचं. एकाला चढ तो दुसऱ्याला उतार, एकाच्या अंगाला डोंगर तर दुसऱ्याच्या अंगाला नदी. दोघांनाही रस्ता शांत वाटला तरच तो पुस्तिकेत. नियम दादाचा. "सोबत गेलं की माणूस गप्पा मारतो, रस्ता बघत नाही," म्हणतो. पटलं मला ते. पण त्यापायी आम्ही दोघं शेजारी शेजारी शेवटची सायकल कधी चालवली, आठवत नाही.

मी खिंडीतून खाली आले. मधल्या लाकडी पुलावर थांबले. कॉफी निवली. हा येईना. तिथे फोनला रेंज नाही. आधी नुसती चिडले — बसला असेल कुठेतरी पक्षी बघत! मग पुढे निघाले. मग जोरात निघाले. निळी सायकल झुडपात उलटी पडलेली दिसली, आणि उताराच्या पार खाली, पाण्याच्या जरा अलीकडे, झाडाला टेकून दादा. चेहरा राखेसारखा. मी घसरत खाली पोचले तर पहिलं वाक्य काय बोलला — "बारके, वळणावर खडी होती."

वहिनी दवाखान्यात आल्या. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "झाले तुमचे शांत रस्ते?" म्हणाल्या. बास. एवढंच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लेखी दिलं. एका पानात द्या म्हणाले होते. मावलं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

रजा टाकून त्यांच्या ऑफिसात गेले. जिना चढल्यावर पाण्याची टाकी, टाकीला साखळीने बांधलेला पेला. पेल्याला बांधून ठेवतात, रस्ते मोकळे!

साहेब तरुण आहे, गुळगुळीत आहे. चष्म्याची डावी काडी सैल. एरवी मी तिथल्या तिथे घट्ट करून दिली असती, चष्म्याच्या दुकानात दिवसभर तेच तर करते.

"मॅडम, त्या रस्त्यावर दिवसात चार गाड्या जातात. झाडायचा कुणासाठी?"

"चारच गाड्या जातात म्हणून तर आम्ही जातो."

"बरोबर आहे. पण तो काही सायकलींसाठी बांधलेला नाही."

"म्हणजे पडण्यासाठी बांधलाय का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोदून खोदून विचारल्यावर कबूल केलं, की रस्त्याखालच्या मोरीच्या दुरुस्तीसाठी त्या आठवड्यात तिथे खडी टाकलेली होती. वळणाला लागूनच. साफ करायची जबाबदारी टोळीच्या मुकादमाची. म्हटलं, मग विचारा त्या मुकादमाला. म्हणाला, विचारू. म्हटलं, विचारा, मी इथेच बसते.

बसले. पंखा फिरत होता, साहेब फायली हलवत होता. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तेव्हा शिपायाने माझ्या डोक्यावरचा दिवा मालवला!

रविवार, १६ फेब्रुवारी

सायकल काढली नाही. टायरमधली हवा बघितली आणि पुन्हा ठेवून दिली.

माझ्या बाजूचा मजकूर तरी लिहावा म्हणून बसले. खिंडीतून उतरताना पहिल्यांदा काही दिसतच नाही, नुसता गारठा. झाडं दोन्हीकडून इतकी वाकलेली की रस्त्यावर उजेडाचे तुकडे पडतात. मग एका वळणानंतर पाण्याचा आवाज येतो, आणि बऱ्याच पुढे गेल्यावर पाणी दिसतं. सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. ब्रेक लावला की आपल्यालाच अपराध्यासारखं वाटतं. असा रस्ता! आणि त्यावर हे लोक खडी टाकून जेवायला जातात.

दोन-तीन ओळींच्या वर लिहून होईना. संताप येतो.

त्यात एक गोष्ट डोक्यातून जात नाही. खिंडीकडचं टोक दादाला हवं होतं. हल्ली बाजू तोच निवडतो. चढ वाट्याला येत असला तरी हसत घेतो, पण निवडणार तोच. या वेळी मी हट्टाने म्हटलं, नाही, उतार मला, डोंगराकडची सावली मला, तू ये नदीकडून. तो नुसता "बरं" म्हणाला.

म्हणजे ती खडी माझ्या वाटेत नव्हती, त्याच्या वाटेत होती. मी पाठवलं म्हणून. यावरही राग येतोय, आणि हा राग कुठल्या ऑफिसात नेऊन द्यायचा ते कळत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दादाला घरी आणलं. वहिनींनी बाहेरच्या खोलीत पलंग लावलाय, भिंतीला डावी बाजू टेकवून. म्हटलं, दारातून येणारा माणूस दिसेल असा मधे लावा की. म्हणाल्या, "असाच बरा आहे." माझं सांगणं आणि त्यांनी ऐकणं, याचा योग या जन्मी नाही.

निळी सायकल व्हरांड्यात पोत्याने झाकून ठेवलीय. मेलेल्या जनावरासारखी. मी पोतं काढलं. निघताना बघितलं तर पुन्हा झाकलेली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मुकादम निलंबित!

सायकलवाल्या सगळ्या मंडळींना कामाला लावलं होतं, ज्याने त्याने रोज फोन करायचा. साहेब जेरीस आला असणार. आज त्याचाच फोन — "मॅडम, कारवाई झाली आहे, आता कृपा करा."

बरं झालं. दुकानातून दादाला फोन केला. मला वाटलं खूश होईल. मग म्हणाला, "इतकं कशाला केलंस?"

कशाला! आयुष्यभर हेच. कुणी पायावर पाय दिला तर हा स्वतः सॉरी म्हणणार. याच्या वाटचं भांडून भांडून माझा स्वभाव असा झालाय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मुकादम दुकानात आला.

गिऱ्हाइकाला फ्रेम लावून बघत होते. दारातूनच बोलायला लागला. थोराड, उन्हाने रापलेला, तोंडाला कसलाही धरबंध नाही. "ती तक्रारवाली बाई कोण?" मी म्हटलं, मी. म्हणाला, "वळण मी स्वतः झाडून घेतलंय शनिवारी. माणसं गेल्यावर परत एकदा बघून आलोय. भाऊ तुमचा पडला असेल आपल्या पायाने, माझी भाकर का काढता?"

"सायकलवरून पडला तो, पायाने नाही," मी म्हटलं. "आणि खडी होती हे त्याने डोळ्याने बघितलंय."

"मग डोळे तपासून घ्या त्याचे. दुकान तर घरचंच आहे तुमच्या."

इतकी भडकले की हातातली फ्रेम वाकली. मालक मधे पडले, त्याला बाहेर काढलं. गिऱ्हाईक बाई फ्रेम तशीच ठेवून गेल्या. मालक मला म्हणाले, "तुमचं सायकलचं सायकलजवळ ठेवत चला." त्यांनाही दोन शब्द ऐकवले. नाकावर माशी बसू देत नाही म्हणतात मला दुकानात. नाही देत!

शनिवार, १ मार्च

दादाकडे गेले तर नाकावर नवा चष्मा. बाजारातल्या टोपलीतला, तयार, दोन्ही काचा एकाच नंबराच्या! वहिनींकडून मागवला म्हणे, वाचायला.

घरात चष्म्यावाली बहीण. लोकांच्या काचा घासून घासून माझी बोटं झिजली. आणि हा टोपलीतला चष्मा घालून पेपर वाचतोय. म्हटलं, चल, उद्या गाडीने नेते, आमच्या डॉक्टरांकडून नंबर काढू, मी स्वतः बनवते. म्हणाला, "नको गं, एवढ्यावर भागतं." म्हटलं, भागतं काय? डोळे आहेत की जुनी चप्पल? तर वहिनी आतून, "राहू दे ना, दमलेत ते."

दोघांची एक फळी. मी परकी. चहा न घेता निघाले.

रविवार, ९ मार्च

आज गेले. धरणाकडून. नदीच्या बाजूने. दादाची राहिलेली दिशा.

पुस्तिका अडकून पडलीय. छापणारा रोज विचारतो. दोघांनी दोन दिशांनी, हा नियम आहे. पण दादा आता कधी बसणार सायकलवर? म्हटलं ही दिशाही मीच करते. आणि खरं सांगायचं तर त्या वळणाचे फोटो काढायचे होते. मुकादमाच्या तोंडावर मारायला.

या बाजूने रस्ता अगदीच वेगळा. नदी डाव्या हाताला, खाली, हिरवी, संथ. कडेला कठडा नाही, फक्त अधूनमधून चुना लावलेले दगड. पलीकडच्या डोंगरावरचं जंगल पाण्यात उलटं दिसतं. मी रागात निघाले होते, पण चढ लागेपर्यंत राग टिकला नाही. रस्त्याने मला गप्प केलं.

मोरी आली. वळण आलं. तिथे थांबले, फोटो काढले. खडी आता नाहीच. पण मी दादाला शोधलं ते इथे नव्हतं. बरंच पुढे. मी तेव्हा समजले होते की तो इथे घसरला आणि तोल जात जात पुढे जाऊन पडला. आज चालत गेले. कोणी तोल जात इतकं लांब जात नाही. चढाला तर नाहीच.

ती जागा आता बघितली. मोडलेलं झुडूप. रस्ता सरळ, एकदम सरळ. आणि कडेला एक दगड, माझ्या गुडघ्याएवढा, नुकताच चुना लावलेला. त्याच्यावर निळा ओरखडा. दादाच्या सायकलचा निळा.

या दगडावर धडकला तो. सरळ रस्त्यावर. भर उजेडात. असा पांढराधोप दगड तर आंधळ्यालाही

हे वाक्य मघाशी असंच सोडलं होतं. आता तासाभराने परत बसलेय. पुरं करत नाही.

सोमवार, १० मार्च

दुकानात दोन काचा फोडल्या. मालकांनी स्वतः तुकडे गोळा केले.

मंगळवार, ११ मार्च

दादाकडे गेले. टेबलाशी समोर बसवलं. आमचे डॉक्टर करतात तसं — म्हटलं, माझ्या नाकाकडे बघत राहा. बाजूने बोट आणते, दिसलं की सांग.

"हे काय आता?" म्हणाला. पण बसला. वहिनी ओट्याशी होत्या, त्यांचा हात थांबला.

उजवीकडून आणलं. "दिसलं." पुन्हा, जरा वरून. "दिसलं." मग डाव्या बाजूला.

"दिसलं," म्हणाला.

माझा हात मांडीवर होता.

तो नाकाकडे बघत राहिला, शहाण्या मुलासारखा. पुन्हा म्हणाला, "हो, दिसलं." मग माझा चेहरा बघितला असावा. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कधीपासून?"

"झाली असतील दोन वर्षं. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर. माणसं एकदम समोर यायला लागली. डावीकडून. भुतासारखी."

"आणि खडी?"

"तू समोर उभी होतीस, बारके. घाबरलेली. काहीतरी सांगायला हवं होतं. वळणावर आधी खडीचा ढीग बघितला होता बाजूला, तोच तोंडात आला." मग म्हणाला, "दोन-चार दिवसांनी सांगणारच होतो. तोवर तू ऑफिसात जाऊन बसलेली."

म्हणून डोंगराकडची बाजू. म्हणून चढ आला तरी हसत. डाव्या हाताला डोंगर असला की कडेला गेलो तरी गवतात पडतो, म्हणाला. इतक्या सहज! जसं काही टोपी कुठली घालायची ते सांगतोय. मी विचारलं, मग या वेळी मी ती बाजू मागितली तेव्हा तोंडात काय धरलं होतंस? म्हणाला, "नाही म्हटलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस."

मला वाटलं मी त्याला मारीन. खरंच वाटलं. त्याच्या न मोडलेल्या खांद्यावर एक बुक्की मारलीसुद्धा.

बुधवार, १२ मार्च

कुणाकुणावर चिडू?

दादावर. दोन वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. एका डोळ्याने दऱ्याखोऱ्यांतून फिरला.

माझ्यावर. दिवसभर लोकांचे डोळे वीतभर अंतरावरून बघते मी. माप घेते, बुबुळावर खूण करते. आणि सख्ख्या भावाचे डोळे बघितले नाहीत. कसे बघणार? आम्ही एकमेकांसमोर यायचो ते पुलावर, हात हलवत, आणि पाठ फिरवून निघून जायचो. या दोन वर्षांत तो सायकल कशी चालवतो हे मी बघितलेलंच नाही. एकदा जरी त्याच्या मागून गेले असते तर पहिल्याच वळणाला कळलं असतं. काय पण नियम केला! आणि मी त्याचं कौतुक करत फिरायचे.

वहिनींवर. त्यांना माहीत होतं. पलंग भिंतीला का लावला ते आता कळलं. ताट उजवीकडे सरकवून का वाढतात तेही. आज फोन करून वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुम्ही त्याला मरायला पाठवत होतात. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती त्यांनी. दर रविवारी परत येईपर्यंत मी दारात उभी असायचे. तुला काय वाटलं, मला सायकलचा राग आहे?"

मी म्हटलं, मग मला सांगायचं होतं.

"तुला कसं सांगणार, बारके? तू आधी चिडतेस, मग ऐकतेस. म्हणून तुला कुणी काही सांगत नाही."

फोन ठेवला. मीच ठेवला.

शुक्रवार, १४ मार्च

दादाला घेऊन रस्ते विभागात. कुबडी घेऊन तो जिना चढला, पहिल्या पायऱ्यांना डावा खांदा कठड्यावर आपटत. मग मी मधे शिरून त्याच्या डावीकडून चालले. आजपासून माझी जागा तीच.

मुकादमालाही बोलावलं होतं. साहेब म्हणाला बसा. दादा बसला नाही.

"रस्त्यावर खडी नव्हती," म्हणाला. "यांनी झाडलं होतं. मला दगड दिसला नाही. मला डावीकडचं दिसत नाही. मी खोटं बोललो."

बोलताना तो चुकून शिपायाकडे बघत होता. मुकादम डावीकडे उभा होता ना.

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. "बाई चष्म्याच्या दुकानात आहेत, नाही का," म्हणाला. दुसरं काही नाही. मी मान खाली घातली. मग दादाला म्हणाला, "मुलीच्या सासरी कळलंय माझं. तिथेही येणार का सांगायला?" दादा म्हणाला, "येईन." मुकादम म्हणाला, "नको," आणि निघून गेला. मी त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेले. माफी मागितली. तो थांबला नाही. थांबावं तरी का?

साहेब! त्याला तर फाडून खावंसं वाटलं. चौकशी करणार होता ना हा? एका माणसाने जाऊन तो निळा ओरखडा बघितला असता तर? कुणी गेलंच नाही. माझा आवाज बंद व्हावा म्हणून याने एक माणूस घरी बसवला. तसं तोंडावर सांगितलं. तो गुळगुळीत हसून म्हणाला, "मॅडम, तुमचीच इच्छा होती."



बुधवार, १९ मार्च

काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याचंही नुकसान झालंय, पण थेंब वेळेवर घातले तर उरलं आहे ते राहील. गेलं ते परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी आला असता तर — डॉक्टर एवढं म्हणून थांबले, कारण मी दादाकडे बघितलं.

सायकल बंद. रस्त्यावरची पूर्ण बंद. दादाने मान डोलावली. बिल आणायला गेल्यासारखा उठला आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला. खांदे हलत होते. वहिनी गेल्या त्याच्याजवळ. मी नाही गेले. मला तेव्हाही राग येत होता, आणि रडूही, आणि दोन्ही एकदम करता येत नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, भावंडांनाही होऊ शकतो, तपासून घ्या. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवते. हो म्हटलं.

घरी पोचल्यावर दादाला समोर बसवून ठणकावलं. म्हटलं, यापुढे एकच नियम. डोळ्यांचं काही झालं, अंधुक झालं, दुखलं, खुपलं, त्याच दिवशी मला सांगायचं. वहिनींना शपथा घालायच्या नाहीत. पुन्हा लपवलंस तर तुझं तोंड बघणार नाही. माणसं मरतात अशा लपवण्याने. स्वतः मरतात आणि दुसऱ्याची नोकरी घालवतात.

"बरं," म्हणाला.

"बरं नाही. हो म्हण."

"हो."

मंगळवार, २५ मार्च

मुकादम कामावर रुजू. साहेबाने कळवलं नाही, त्याच्या शिपायाने कळवलं.

रविवार, ३० मार्च

पुस्तिकेसाठी शेवटचं एकदा. खिंडीतून मी सायकलवर, वहिनींनी दादाला गाडीने लाकडी पुलापर्यंत आणलं.

पुलाजवळ पोचले तर तो कडेला घडीच्या खुर्चीत बसलेला, फ्लास्क मांडीवर, मान पूर्ण डावीकडे वळवून माझी वाट बघत. मी आले ती उजवीकडून. म्हटलं, ए, इकडे! दचकला, हसला. कप भरला, निम्मा बाहेर सांडला. वहिनींनी कप सरळ केला, त्याच्या हाताला हात न लावता. शिकल्यात त्या.

"कसाय रस्ता?" म्हणाला.

"भेटल्यावर रस्त्याबद्दल बोलायचं नसतं."

"खड्ड्यात गेला नियम. सांग."

सगळं सांगितलं. डोंगराकडचं सांगितलं, आणि नदीकडचंही. उजेडाचे तुकडे कुठे पडतात, पाण्याचा आवाज आधी कुठे येतो, पलीकडचं जंगल पाण्यात कसं उलटं दिसतं. तो डोळे मिटून ऐकत होता. वहिनीही. मग म्हणाला, "लिही तसंच. नदीकडची बाजू एकट्या माणसाने जपून जावी, हेही लिही."

बऱ्याच दिवसांनी कुणावर चिडले नव्हते. पुढचा उतार मजेत उतरले.

शनिवार, ५ एप्रिल

आज दुकानात डॉक्टरांची पाळी होती. गिऱ्हाइकं संपल्यावर म्हटलं, जाता जाता माझेही बघा. मशीनवर बसवलं, दिवे दिसले की बटण दाबत गेले. त्यांनी पुन्हा एकदा बसवलं. मग खुर्ची जवळ ओढली.

काचबिंदू. उजवा. थेंब आजपासून. सायकलचं विचारलं, म्हणाले सध्या नको.

संध्याकाळी दादाचा फोन. "डोळे तपासलेस का गं, बारके?"

म्हटलं, "तपासले. काही नाही निघालं. ठणठणीत."